पोलादी चिलखताची तलफ : ‘आयर्न मॅन ३’ या चित्रपटातील व्यसन आणि व्यसनमुक्ती

गोषवारा

शेन ब्लॅक दिग्दर्शित ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) हा चित्रपट सामान्यतः मानसिक आघाताची कथा म्हणून पाहिला जातो. प्रस्तुत लेखात त्याचे वाचन व्यसनाधीनता आणि व्यसनमुक्ती या दृष्टीने केले आहे. मूळ चित्रकथेतील नायकाचे मद्यपान चित्रपटमालिकेत जवळजवळ नाहीसे झाले असले, तरी व्यसनाची रचना मात्र नाहीशी झालेली नाही. ती बाटलीतून चिलखतात स्थलांतरित झाली आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. चित्रपट व्यसनाचे चित्रण बारकाईने करतो. परंतु मुक्तीचे चित्रण करताना तो एका भव्य कृतीवर समाधान मानतो आणि पुढील चित्रपटांना ती कृती मोडावी लागते. या अपयशाची कारणे सुपरहिरो चित्रपटाच्या स्वरूपात शोधण्याचा प्रयत्न लेखात आहे.

बीजसंज्ञा : सुपरहिरो चित्रपट, व्यसनाधीनता, व्यसनमुक्ती, शरणागती, आयर्न मॅन, चित्रकथा.

प्रस्तावना

सुपरहिरोचा चित्रपट हा मूलतः शक्तीचा चित्रपट असतो. नायकाला शक्ती कशी मिळाली, ती त्याने कशी वापरली, ती हिरावली गेल्यावर त्याचे काय झाले आणि ती परत कशी आली, या प्रश्नांभोवती त्याचे कथानक फिरत असते. व्यसनमुक्तीची कथा याच्या नेमक्या उलट दिशेने चालते. तिचा आरंभ हतबलतेच्या कबुलीने होतो. ‘हे आता माझ्या हातात राहिलेले नाही’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही, असे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे अनेकजण सांगत आले आहेत. त्यामुळे व्यसनाधीन सुपरहिरो ही कल्पना एका अंतर्विरोधावर उभी आहे. एका बाजूला शक्तीची भूक आणि दुसऱ्या बाजूला शक्तिहीनतेचा स्वीकार, या दोन टोकांमध्ये अशा नायकाची कथा सांगावी लागते.

मार्व्हल स्टुडिओच्या चित्रपटांतील टोनी स्टार्क हे पात्र या अंतर्विरोधाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. ‘आयर्न मॅन’ (२००८) पासून ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९) पर्यंत अकरा वर्षे हे पात्र पडद्यावर वाढत राहिले. त्याच्याजवळ जन्मजात किंवा दैवी सामर्थ्य नाही. त्याचे सामर्थ्य एका वस्तूत आहे. ती वस्तू अंगावर चढवली की तो असामान्य होतो, उतरवली की सामान्य होतो. वस्तूवर अवलंबून असलेले सामर्थ्य हाच व्यसनाच्या चर्चेचा आरंभबिंदू असल्याने या पात्राचा विचार त्या अंगाने होणे आवश्यक आहे. पात्राला वैद्यकीय निदानाची चिठ्ठी चिकटवणे हा येथे हेतू नाही. व्यसनाच्या अभ्यासातून मिळालेल्या संकल्पना चित्रपटाच्या रचनेवर कोणता प्रकाश टाकतात, एवढेच पाहावयाचे आहे.

चित्रकथेतील मद्यपी नायक

अमेरिकन चित्रकथांमध्ये व्यसनाचा विषय उशिरा आला. १९५४ च्या स्वयंनियमन संहितेने प्रकाशकांवर कडक बंधने घातली होती. १९७१ मध्ये ‘स्पायडर-मॅन’च्या अंक ९६ ते ९८ मधून अमली पदार्थांचा विषय संहितेच्या मान्यतेविना हाताळला गेला आणि त्याच वर्षी संहितेत सुधारणा झाली. त्यानंतर डेनी ओ’नील आणि नील अ‍ॅडम्स यांनी ‘ग्रीन लँटर्न’मध्ये एका तरुण नायकाला हेरॉइनच्या विळख्यात दाखवले.

१९७९ मध्ये ‘आयर्न मॅन’च्या अंक १२० ते १२८ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि पुढे ‘डीमन इन अ बॉटल’, म्हणजे ‘बाटलीतला राक्षस’, या नावाने ओळखली गेलेली कथामाला हा या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन यांचे लेखन व जॉन रोमिता ज्युनियर यांची चित्रे असलेल्या या मालेत टोनी स्टार्क मद्याच्या आहारी जातो. त्याचा उद्धट स्वभाव असह्य होऊन घरातील वृद्ध सेवक जार्व्हिस राजीनामा देतो. बेथनी केब ही मैत्रीण टोनीला आधार देते आणि अखेरीस तो जार्व्हिसची क्षमा मागतो. शत्रूशी झालेल्या लढाईपेक्षा ही क्षमायाचना कथेच्या शेवटी अधिक मोलाची ठरते.

पुढे १९८२ पासून डेनी ओ’नील यांनी याच नायकाला पुन्हा व्यसनाकडे वळताना दाखवले. मद्याशी स्वतः झगडलेल्या या लेखकाने टोनीचा उद्योग, घर आणि प्रतिष्ठा सर्व काही हिरावून घेतले. १९८३ मध्ये चिलखत त्याचा मित्र जेम्स ऱ्होड्स याच्या अंगावर गेले आणि १९८५ मधील २०० व्या अंकापर्यंत टोनीचे सावरणे महिन्यामागून महिना संथपणे चालू राहिले. या काळात नायक आणि चिलखत एकमेकांपासून वेगळे होऊ शकले, ही बाब येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चित्रपटमालिकेच्या मूल्यमापनात तिचा संदर्भ पुन्हा येणार आहे.

सैद्धांतिक चौकट : अहंकार आणि शरणागती

१९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या मूळ ग्रंथात बारा पायऱ्यांचा कार्यक्रम मांडला गेला. मद्यापुढे आपण हतबल आहोत ही कबुली, ही त्यातील पहिली पायरी. आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करणे आणि शक्य तेथे त्यांची भरपाई करणे, या आठव्या व नवव्या पायऱ्या होत. या कार्यक्रमात सावरणे एकट्याने घडत नाही. एकाने आपली कहाणी सांगायची आणि इतरांनी ती ऐकायची, हा त्याचा गाभा आहे.

मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९७१ मधील आपल्या निबंधात या कार्यक्रमाच्या यशाचे तात्त्विक विवेचन केले. त्यांच्या मते मद्यपी व्यक्तीची मूळ चूक तिच्या ‘स्व’विषयक कल्पनेत असते. ती स्वतःला बाटलीचा प्रतिस्पर्धी मानते आणि इच्छाशक्तीच्या बळावर बाटलीला हरवण्याची जिद्द बाळगते. जिंकल्यासारखे वाटताच ही जिद्द आणखी एका प्याल्याचे आव्हान स्वीकारते आणि चक्र पुन्हा सुरू होते. शरणागतीची कबुली ही स्पर्धाच संपुष्टात आणते. बेटसन यांनी लाकूडतोड्याचे उदाहरण दिले आहे. झाड, डोळा, मेंदू, स्नायू, कुऱ्हाड आणि घाव यांची मिळून एक व्यवस्था बनते. त्या व्यवस्थेतून फक्त ‘मी’ वेगळा काढून त्याला कर्ता समजणे हा भ्रम आहे. माणूस आणि यंत्र यांच्या संयोगावर उभ्या असलेल्या नायकाला हे विवेचन किती नेमके लागू पडते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याला आणखी एका घटनेची जोड देता येते. ‘आयर्न मॅन ३’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. पदार्थसेवनाच्या विकारासाठी तिने अकरा निकष दिले आणि जुगाराच्या विकाराला व्यसनांच्याच प्रकरणात स्थान दिले. कोणताही पदार्थ शरीरात न जाताही व्यसन जडू शकते, ही गोष्ट त्यामुळे वैद्यकीय परिभाषेत अधिकृतपणे मान्य झाली. पदार्थाविना व्यसन ही कल्पना प्रस्तुत चित्रपटाच्या वाचनाचा पाया आहे.

‘आयर्न मॅन २’ : विनोदामागील विष

जॉन फॅव्हरो दिग्दर्शित पहिल्या चित्रपटाच्या आरंभीच टोनी अफगाणिस्तानात लष्करी वाहनात मद्याचा पेला हातात घेऊन बसलेला दिसतो. मद्य येथे ऐश्वर्याचे आणि बेफिकिरीचे चिन्ह आहे. ‘आयर्न मॅन २’ (२०१०) मध्ये ते प्रत्यक्ष कथानकात येते. वाढदिवसाच्या मेजवानीत चिलखत घालून झिंगलेला टोनी पाहुण्यांसमोर शस्त्रे चालवतो आणि ऱ्होड्स दुसरे चिलखत घालून त्याला आवरतो. चित्रकथेतील व्यसनाची ही सर्वांत थेट आठवण. परंतु दिग्दर्शकाने तिला विनोदाचा पोशाख चढवला आहे. दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगात पश्चात्तापाऐवजी चटपटीत संवाद आहेत आणि त्यानंतर मद्यपानाचा प्रश्न कथेतून जवळजवळ निघून जातो.

याच चित्रपटात व्यसनाचे अधिक गंभीर रूपक मात्र शांतपणे आलेले आहे. छातीतील ऊर्जायंत्र टोनीला जिवंत ठेवते आणि त्यातील पॅलेडियम हा धातू त्याच्या रक्तात विष कालवत जातो. चिलखत जितके अधिक वापरावे तितके विषाचे प्रमाण वाढते. जगण्यासाठी जे हवे तेच मारते आहे, हे ठाऊक असूनही तो पेपर पॉट्सपासून ते लपवतो. लपवाछपवी, रोज रक्त तपासून आकडा पाहणे आणि तरीही थांबता न येणे, ही व्यसनी माणसाच्या घरात परिचित असलेली लक्षणे होत. उपाय म्हणून चित्रपट नव्या मूलद्रव्याचा शोध पुढे करतो. विष नसलेले इंधन सापडले, म्हणजे अवलंबित्व तसेच राहिले आणि त्याचा दुष्परिणाम तेवढा गेला. ही मुक्ती नसून सोय आहे.

‘आयर्न मॅन ३’ : चिलखताची तलफ

तिसऱ्या चित्रपटात मद्य जवळजवळ नाही. १९९९ च्या वर्षअखेरीस स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या मेजवानीत झिंगलेला टोनी दिसतो, तेवढाच त्याचा उल्लेख. वर्तमानकाळात येताच पेल्याची जागा चिलखताने घेतलेली असते.

‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२) मध्ये टोनीच्या अंगावर सातवे चिलखत होते. येथे तो बेचाळिसाव्यावर येऊन पोहोचला आहे. तो रात्र रात्र झोपत नाही. पेपर झोपली की तो तळघरातील कार्यशाळेत उतरतो. मात्रा वाढत जाणे, ठरवल्यापेक्षा अधिक वेळ त्यात जाणे, जवळच्या नात्याची झीज दिसत असूनही न थांबणे, हे निदानपुस्तिकेतील निकष येथे एकापाठोपाठ एक दृश्यरूप घेतात. पेपर घरी येते तेव्हा दिवाणखान्यात चिलखत बसलेले असते. तिच्याशी बोलणारा माणूस मात्र खाली काम करत असतो. व्यसनी माणसाशी संसार करणाऱ्याला अशी हजर-गैरहजेरी अपरिचित नसते. समोर देह आहे आणि माणूस दुसरीकडे आहे, हा तो अनुभव होय.

या भागातील सर्वांत बोलका प्रसंग शयनगृहातील आहे. दुःस्वप्नात तळमळणाऱ्या टोनीच्या अजाणता हाकेला प्रतिसाद देऊन चिलखत खोलीत येते आणि त्याला जागे करू पाहणाऱ्या पेपरवर हात टाकते. स्वसंरक्षणासाठी निर्माण केलेली वस्तू सर्वांत जवळच्या माणसावर उठते. जागा झालेला टोनी स्पष्टीकरण देऊ लागतो. पेपर रागाने आरडाओरडा करीत नाही. ती खाली झोपायला जाते. घरातील माणसाने भांडणे सोडून अंतर राखायला सुरुवात करणे हा व्यसनाच्या कथेतील निर्णायक क्षण असतो आणि चित्रपटाने तो नेमका टिपला आहे.

चित्रकथा आणि चित्रपट यांतील एक फरक येथे नोंदवणे अगत्याचे आहे. चित्रकथेतील जार्व्हिस हा माणूस होता, म्हणून तो राजीनामा देऊ शकला. चित्रपटातील जार्व्हिस ही संगणकप्रणाली आहे. ती टोचून बोलते, पण सोडून जाऊ शकत नाही. व्यसनी माणसाला भानावर आणणारा दूर जाण्याचा धाक त्यामुळे कथेतून एका पात्रापुरता वजा झाला आणि त्याचा सगळा भार एकट्या पेपरवर पडला.

आघात की व्यसन?

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. टोनीला होणारे भीतीचे झटके, निद्रानाश आणि न्यूयॉर्कच्या लढाईच्या आठवणी ही आघातोत्तर तणावाची लक्षणे आहेत. मग व्यसनाचा संदर्भ कशाला? उपाहारगृहात एक मुलगी न्यूयॉर्कच्या लढाईचे चित्र पुढे करते, त्यावर सही करताना टोनीच्या हातातील खडू मोडतो आणि तो धडपडत बाहेर पळतो. हा प्रसंग आघाताचाच आहे, यात शंका नाही. परंतु तो पळतो कोठे, हे पाहिले पाहिजे. तो बाहेर उभ्या असलेल्या चिलखतात शिरतो. मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांझियन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार व्यसनी माणूस बहुधा सुखासाठी नव्हे, तर असह्य वेदनेवर स्वतःच शोधलेले औषध म्हणून पदार्थाकडे वळतो. या दृष्टीने आघात हे कारण आणि चिलखत हे औषध ठरते. चिलखतात शिरल्यावर आपल्याला हृदयविकार किंवा विषबाधा झाली आहे काय, असे टोनी जार्व्हिसला विचारतो. शरीरात शत्रू शोधला की मनाकडे पाहावे लागत नाही. नकाराची ही प्रक्रियाही व्यसनाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

एक्स्ट्रीमिस : आरशातील प्रतिमा

चित्रपटातील खलनायक अ‍ॅल्ड्रिच किलियन याच्याकडे ‘एक्स्ट्रीमिस’ हे द्रव्य आहे. युद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांना ते पुन्हा धडधाकट करते. पण ज्याच्या शरीराला त्याचा वेग पेलत नाही तो अतितप्त होऊन स्फोट पावतो. हॉलिवूडमधील चायनीज थिएटरच्या आवारात एक माजी सैनिक हे द्रव्य हुंगतो, त्याला ते आवरत नाही आणि झालेल्या स्फोटात अनेकांचा बळी जातो. पेटी हातोहात देणारा, ती अधीरपणे घेणारा आणि अंगाला घाम फुटलेला तो सैनिक, ही दृश्यरचना सरळ अमली पदार्थांच्या व्यवहाराची आहे.

किलियनच्या टोळीला व्यसनी आणि टोनीला शूर मानण्याची सोय चित्रपट करून देतो. पण रचनेच्या पातळीवर दोघे एकाच अवस्थेत आहेत. दुखावलेले शरीर, त्यावर चढवलेले उसने सामर्थ्य आणि ते काढून घेतल्यावर उरणारी पोकळी दोन्हीकडे सारखी आहे. फरक आहे तो संपत्तीचा. सैनिकाला मात्रा दुसऱ्याकडून घ्यावी लागते, टोनी ती स्वतःच्या तळघरात तयार करतो. पैसेवाल्याचे व्यसन छंद म्हणून खपते आणि गरिबाचे व्यसन गुन्हा ठरते, हे सामाजिक वास्तव चित्रपटाने बहुधा नकळत उघड केले आहे.

किलियनच्या पात्रात आणखी एक शक्यता दडलेली होती. १९९९ च्या त्या रात्री झिंगलेल्या टोनीने त्याला भेटीचे आश्वासन देऊन गच्चीवर ताटकळत ठेवले होते. त्याच रात्रीची सोबतीण माया हॅन्सन हिलाही तो सकाळी विसरला. आपली संकटे आपणच निर्माण करतो, असे टोनीचे निवेदन आरंभीच सांगते. म्हणजे ज्यांना दुखावले त्यांची यादी चित्रपटाने स्वतःच तयार केली आहे. आठवी पायरी येथे पूर्ण होते, नववी मात्र होत नाही. माया किलियनच्या हातून मरते, किलियन पेपरच्या हातून. भरपाईची जागा लढाई घेते. चित्रकथेतील टोनी जार्व्हिसपुढे नमला होता. चित्रपटातील टोनीला कोणापुढे नमण्याची वेळच येत नाही, कारण ज्यांची क्षमा मागायची ते जिवंत ठेवलेले नाहीत.

मुक्तीची दोन रूपे

मुक्तीच्या दृष्टीने चित्रपटात दोन स्थळे महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे टेनेसी राज्यातील रोझ हिल हे बर्फाळ गाव. मालिबूचे घर उद्ध्वस्त झाल्यावर टोनी तेथे निकामी चिलखत ओढत नेतो. हार्ली कीनर या मुलाच्या शेडमध्ये त्याला आसरा मिळतो. पुढे भीतीचा झटका आलेल्या टोनीला हा मुलगा साधा प्रश्न करतो : तू मेकॅनिक आहेस ना, मग काहीतरी बनव. या एका वाक्याने टोनीचा श्वास सावरतो. तो साध्या दुकानातून घरगुती सामान विकत घेतो आणि चिलखताविना शत्रूच्या बंगल्यात शिरतो. सामर्थ्य वस्तूत नसून हाताच्या कामात आहे, हा शोध त्याला एका अनोळखी मुलाच्या मदतीने लागतो. मागणे, मिळणे आणि काम करणे या साध्या क्रमातून सावरण्याची खरी प्रक्रिया येथे सुरू झालेली दिसते. चित्रपटातील हा भाग सर्वांत शांत आणि म्हणूनच सर्वांत विश्वासार्ह आहे.

दुसरे स्थळ शेवटाचे आहे. नाताळच्या रात्री टोनी जार्व्हिसला आज्ञा देतो आणि उरलेली चिलखते आकाशात आतषबाजीसारखी फुटतात. त्यानंतर शस्त्रक्रियेने त्याच्या छातीतील धातूचे तुकडे काढले जातात, पेपरच्या शरीरातील एक्स्ट्रीमिस नाहीसे केले जाते आणि निकामी झालेले ऊर्जायंत्र समुद्रात भिरकावले जाते. दोन देहांची मुक्ती काही क्षणांच्या निवेदनात उरकते. नेत्रसुखद असली तरी ही कृती बेटसन यांच्या अर्थाने जुन्याच अहंकाराची आहे. बाटल्या फोडणारा मद्यपी बाटलीशी लढतच असतो. शेवटचे निवेदन हे स्पष्ट करते : सर्व काही हिरावले तरी आपणच आयर्न मॅन आहोत, असे टोनी सांगतो. व्यसनमुक्तीच्या सभेत वर्षानुवर्षे मद्याला न शिवलेला माणूसही स्वतःची ओळख मद्यपी अशीच करून देतो, ती आपल्या मर्यादेची रोजची आठवण म्हणून. टोनीची ओळख मर्यादेची नाही, सामर्थ्याची आहे.

चित्रपटाच्या नामावलीनंतर येणारा प्रसंग या संदर्भात मार्मिक आहे. सबंध चित्रपट म्हणजे टोनीने ब्रूस बॅनरला सांगितलेली कहाणी होती, हे तेथे उघड होते. आणि बॅनरला मध्येच झोप लागली होती, हेही. आपण त्या प्रकारचे डॉक्टर नाही, असे तो सांगतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो. परंतु सांगणारा आणि ऐकणारा या जोडीवर ज्या मुक्तीची इमारत उभी असते, तिच्यातील ऐकणाराच येथे झोपलेला आहे. चित्रपटाने कबुलीचे रूप घेतले, तिचा साक्षीदार मात्र गमावला.

पुढील चित्रपट : घसरण आणि मालिका

‘अ‍ॅव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन’ (२०१५) च्या पहिल्याच लढाईत टोनी चिलखतात परतलेला आहे आणि त्याचे स्पष्टीकरण दिले जात नाही. आता तो साऱ्या पृथ्वीभोवती संरक्षक चिलखत उभारण्याचे स्वप्न पाहतो आणि त्यातून अल्ट्रॉन जन्माला येतो. ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ (२०१६) मध्ये त्याची कबुली येते : पेपर दुरावली आहे, चिलखते नष्ट केल्यावरही आपण थांबलो नाही, कारण थांबण्याची आपली इच्छाच नाही. मालिकेतील व्यसनाविषयीचे हे सर्वांत प्रामाणिक वचन होय. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’ (२०१७) मध्ये तो पीटर पार्करला सांगतो की पोशाखाविना तू काहीच नसशील, तर तो पोशाख तुला मिळता कामा नये. स्वतःला न लागू करता आलेले तत्त्व तो पुढच्या पिढीला देतो. ‘इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मध्ये त्याच्या छातीवर पुन्हा यंत्र आहे आणि शस्त्रक्रियेनंतर त्याची गरज नाही, याची आठवण पेपरला करून द्यावी लागते.

ही घसरण वास्तवाशी सुसंगत आहे, असे म्हणता येईल. व्यसन सुटल्यावर पुन्हा जडणे ही सामान्य बाब आहे. अडचण अशी की चित्रपटमालिका तिला घसरण म्हणून ओळखत नाही. जगाला संकटातून वाचवायचे असल्याने प्रत्येक वेळी चिलखत चढवणे हे कर्तव्य ठरते. व्यसनाला एवढे निर्दोष निमित्त दुसरे मिळणार नाही. ‘आयर्न मॅन ३’ ने जगभरात १२० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. चिलखताविना आयर्न मॅन हा विचार अशा व्यवसायाला परवडणारा नव्हता. ‘एंडगेम’मध्ये सरोवराकाठच्या घरातील पाच वर्षांचा संसार सोडून नायक परत येतो आणि मरतो, आता विश्रांती घेता येईल, असे पेपर त्याला निरोपाच्या वेळी सांगते. थांबण्याची परवानगी त्याला मृत्यूनेच मिळते. याच चित्रपटात शोकाने मद्याच्या आहारी गेलेला थोर त्याच्या सुटलेल्या देहासह थट्टेचा विषय होतो, हेही विसरता येत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ (१९१९) आठवणे स्वाभाविक आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तो टिकत नाही आणि सिंधूच्या व त्याच्या मृत्यूनेच नाटक संपते. शोकांतिकेला अटळ अंत हवा असतो, सुपरहिरोपटाला पुढचा भाग हवा असतो. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही प्रकारांत सावरण्याच्या संथ, रोजच्या कामाला जागा मिळत नाही. ती मिळूच शकत नाही असे मात्र नाही. ओ’नील यांनी चिलखत दुसऱ्याच्या अंगावर देऊन टोनीला सावरण्यास अवधी दिला होता, हे चित्रकथेचे उदाहरण समोर आहे.

अभिनेत्याचे चरित्र

रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांच्या निवडीमुळे या कथेला पडद्याबाहेरचा अर्थही लाभला. अमली पदार्थांमुळे १९९६ पासून त्यांना वारंवार अटक झाली, १९९९ मध्ये कारावास झाला आणि २००० मध्ये सुटका झाली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी त्यांना माफी दिली आणि २०२४ मध्ये ‘ओपनहायमर’मधील सहायक भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. प्रेक्षकांनी टोनीच्या उद्धटपणात ही जखम वाचली आणि पात्राला क्षमा केली. परिणामी पटकथेने न केलेले काम अभिनेत्याच्या चरित्राने केले. परंतु यात एक धोकाही आहे. प्रसिद्ध माणसाचे पुनरागमन हे व्यसनमुक्तीचे प्रमाणचित्र ठरले, तर जिच्या वाट्याला पुनरागमनाचा सोहळा येत नाही, त्या सामान्य माणसाची मुक्ती अदृश्य राहते.

समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. चित्रपटमालिकेने नायकाचे मद्यपान बाजूला सारले, तरी व्यसनाची रचना चिलखताच्या रूपाने जपली. ‘आयर्न मॅन ३’ मध्ये ती रचना सर्वांत सूक्ष्मपणे व्यक्त झाली असून घरातील माणसावर होणारा तिचा परिणाम दाखवण्यात हा चित्रपट विशेष यशस्वी ठरतो. मुक्तीच्या चित्रणात मात्र तो हतबलतेच्या कबुलीपर्यंत येऊन मागे फिरतो. क्षमायाचनेऐवजी लढाई, सरावाऐवजी आतषबाजी आणि साक्षीदाराऐवजी झोपलेला मित्र तो पुढे करतो. शक्तीचीच विक्री करणाऱ्या चित्रप्रकाराला शक्तिहीनतेचा स्वीकार पेलत नाही, हे या अपयशाचे मूळ आहे.

तरीही या चित्रपटाचे मोल कमी होत नाही. आकाशात फुटणाऱ्या चिलखतांपेक्षा रोझ हिलच्या थंड शेडमधील टोनी प्रेक्षकाच्या मनात अधिक काळ राहतो. तेथे तो थकलेला आहे, कोणाचा तरी आसरा मागतो आहे आणि समोर पडलेल्या वस्तू हाताने जोडतो आहे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा एक दिवस बहुधा असाच असतो. चित्रपटाने त्या दिवसावर थोडा अधिक वेळ थांबण्याचे धैर्य दाखवले असते, तर सुपरहिरोच्या परंपरेला एक वेगळा शेवट लाभला असता.